सव्वातीन लाखांचा कोच आणि शनिवारचे काका

पत्र : धायरीला आमचे सीएनसी-व्हीएमसी जॉबवर्कचे वर्कशॉप आहे. वडिलांनी १९९४ मध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. डिप्लोमा झाल्यावर २०११ पासून मी त्यांच्यासोबत आहे. पाच मशिन, १४ माणसे आणि वर्षाला अडीच कोटींची उलाढाल आहे, त्यातले १ कोटी ८० लाखांचे काम चाकणच्या एकाच मोठ्या कंपनीचे. ती कंपनी बिलाचे पैसे ९० दिवसांनी देते. काम भरपूर आहे, पण ७ तारखेला पगारासाठी सीसीमध्ये, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात, किती शिल्लक आहे ते पाहावे लागते. निव्वळ नफा जेमतेम साडेसहा टक्के. मी दोन दिवस बाहेर गेलो की डिलिव्हरी चुकते आणि मी घेतलेले निर्णय वडील माघारी फिरवतात. गेल्या महिन्यात बाणेरच्या एका हॉटेलात एका बिझनेस कोचचे दोन दिवसांचे शिबिर केले. त्यांचा वर्षाचा कार्यक्रम सव्वातीन लाख रुपये अधिक जीएसटी असा असून तीन वर्षांत उलाढाल तिप्पट होईल, असे ते म्हणतात. भारावून जाऊन मी तिथेच ११ हजार रुपये भरले. दुसरीकडे, वडिलांसोबत तळजाईवर फिरायला येणारे एक काका, जे मोठ्या इंजिन कारखान्यातून वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, दर शनिवारी येऊन विनामोबदला मार्गदर्शन करायला तयार आहेत. पत्नी म्हणते, कोच लाव. वडील म्हणतात, ‘आम्ही काय शिकवणी लावून धंदा केला?’ मी काय करावे?
(एक उद्योजक, सहकारनगर, पुणे)

सप्रेम नमस्कार.

आपण दोन पर्याय समोर ठेवून त्यांतला एक निवडून मागितला आहे. परंतु पत्र नीट वाचले, तर त्यात अडचणी चार आहेत आणि त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की कोणीही एक माणूस, मग तो सव्वातीन लाख घेणारा असो किंवा नुसत्या चहावर येणारा, त्या चारही सोडवू शकणार नाही. पगाराच्या वेळी हाताशी पैसे नसतात, ही पहिली. सत्तर टक्क्यांहून अधिक काम एकाच ग्राहकाचे आहे, ही दुसरी. आपण नसलात की डिलिव्हरी चुकते, ही तिसरी. आपला निर्णय वडील माघारी फिरवतात, ही चौथी. ती आपण अर्ध्या वाक्यात उरकली आहे, पण बाहेरच्या कोणाची तरी मदत घ्यावी असे आपल्याला वाटू लागले, यात तिचाच वाटा सर्वांत मोठा असावा, असा माझा अंदाज आहे.

पैशापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. चाकणच्या कंपनीचे काम वर्षाला १ कोटी ८० लाखांचे, म्हणजे महिन्याला १५ लाखांचे. पैसे ९० दिवसांनी येत असतील, तर कोणत्याही दिवशी आपले सुमारे ४५ लाख रुपये त्या कंपनीकडे अडकलेले असतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तसे झाले असते, तर अडकलेली रक्कम साडेबावीस लाख राहिली असती. उरलेले साडेबावीस लाख आपण त्या कंपनीला बिनव्याजी वापरायला दिले आहेत आणि तेवढ्याच रकमेसाठी स्वतः मात्र बँकेचे व्याज भरत आहात. सीसीवर दहा टक्के व्याज धरले, तरी हा भुर्दंड वर्षाला सव्वादोन लाखांचा होतो. आता या धंद्याची उलाढाल तीन वर्षांत तिप्पट झाली आणि बाकी सारे आज आहे तसेच राहिले, तर अडकणारी रक्कमही तिप्पट होईल, म्हणजे आज ४५ लाखांसाठी होणारी ओढाताण उद्या १ कोटी ३५ लाखांसाठी होईल. यात कोचची फसवणूक आहे, असे मी म्हणत नाही. त्यांनी आपला ताळेबंद पाहिलेलाच नाही, आणि जो ताळेबंद पाहिला नाही त्याच्यावर तिप्पट वाढीचे औषध देता येत नाही, एवढेच.

फीचे गणितही याच दृष्टीने पाहावे. सव्वातीन लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून आपल्या खात्यातून ३ लाख ८३ हजार ५०० रुपये जातील. आपण नियमित जीएसटी भरत असाल, तर कराचा भाग इनपुट क्रेडिटमधून परत मिळेल, पण सव्वातीन लाख राहतातच. साडेसहा टक्के नफ्याने ते भरून काढायचे, तर ५० लाखांचे वाढीव काम करावे लागेल, म्हणजे पहिल्या वर्षी उलाढालीत एक पंचमांश वाढ झाली तरी आपण होता तिथेच. अर्थात कोचमुळे खर्च कमी झाला, रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, घटले, तर हे गणित सुधारेल. मात्र तसे होण्यासाठी त्याला उत्पादनातले काही कळावे लागेल आणि शिबिराच्या आपण दिलेल्या वर्णनात मशिन, रेट किंवा रिजेक्शन यांचा एकही उल्लेख नाही.

बाजारात आज कोच, मेंटॉर, सल्लागार आणि ट्रेनर ही सगळी विशेषणे एकाच व्हिजिटिंग कार्डावर सुखाने नांदतात. काम मात्र वेगवेगळे आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या शास्त्रात किंवा कायद्यात तयार असेल आणि ते आपल्याला ठाऊक नसेल, तर सल्लागार गाठावा; तो येतो, तपासतो, पद्धत बसवून देतो आणि जातो. उत्तर पुस्तकात नसून कोणाच्या तरी वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवात असेल, तर त्या वाटेने गेलेला मेंटॉर हवा. आणि काय करायचे हे आपल्याला पुरेपूर माहीत असूनही ते आपल्या हातून होत नसेल, तर कोचचा उपयोग होतो. चांगला कोच उत्तर देत नाही. तो नेमके प्रश्न विचारून आपल्याकडूनच ठराव वदवून घेतो आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले, हे न विसरता विचारतो. तेव्हा कोणाला बोलवायचे हे ठरवण्याआधी, उत्तर कोठे पडले आहे ते पाहावे लागते. या कसोटीवर आपल्या अडचणी घासून पाहिल्या, तर पहिलीसाठी कोच लागत नाही, दुसरीसाठी काका उपयोगी आहेत, तिसरीत कोचला वाव आहे, तोही पुढे कधीतरी, आणि चौथीसाठी बाहेरचे कोणीच पुरे पडणार नाही.

पहिल्या अडचणीचा दुसरा पदर आपल्या पत्रात नाही, पण तो असणारच. आपण कोटेशन देताना रेट कसा काढता? धायरी, नऱ्हे आणि नांदेड फाट्याच्या बहुतेक गाळ्यांत तो ‘चालू रेट’ असतो, म्हणजे शेजारचा काय घेतो ते विचारून त्यातून दहा-वीस रुपये कमी. मशिन अवर रेट, म्हणजे मशिन तासभर चालवण्याचा खर्च, काढलेला असतो तेव्हाही बहुधा तो मशिन घेताना बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी सीएने काढलेला असतो आणि त्यानंतर त्याकडे कोणी पाहिलेले नसते. समजा, एका व्हीएमसीचा हप्ता, वीज, ऑपरेटर, इन्सर्ट, कूलंट, गाळ्याचे भाडे आणि व्याज मिळून महिन्याचा खर्च १ लाख २० हजार आहे. मशिन महिन्याला ४०० तास चालते असे धरले, तर ताशी ३०० रुपये पडतात आणि ३५० रुपयांनी घेतलेले काम नफ्याचे वाटते. प्रत्यक्षात सेटिंग (नव्या कामासाठी मशिन लावणे), ड्रॉइंगची वाट, मटेरियलची वाट, ऑपरेटरची दांडी आणि गुरुवारी जाणारी वीज वजा जाता ते ३०० तासच चालत असेल, तर ताशी खर्च ४०० रुपये होतो आणि प्रत्येक तासाला ५० रुपये खिशातून जातात. काम जितके अधिक, तितका खड्डा मोठा. ‘काम भरपूर, पैसा नाही’ हे आपले वाक्य वाचताच मला पहिली शंका हीच आली. हे काम एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटचे आहे आणि एवढ्या आकाराच्या वर्कशॉपसाठी ते काही आठवड्यांत होण्यासारखे आहे. पाच मशिनवर महिनाभर खरे चालू तास लिहून काढा, मगच त्यांना बोलवा. नोंदी तयार असल्या की त्यांचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

थकीत पैशांसाठी कायद्याचा आधार आहे, पण तो वापरताना तारतम्य हवे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवरून तक्रारही करता येते. मात्र जो ग्राहक आपल्या शंभरातली बहात्तर रुपयांची भाकरी देतो, त्याच्यावर तक्रार करण्याचा सल्ला मी आज देणार नाही. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे असलेली नोंद, अद्ययावत करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि खरेदी विभागाला लेखी कळवावे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींच्या आणि उलाढाल दहा कोटींच्या आत असेल, तर आपण सूक्ष्म उद्योगात मोडता, आणि अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही, ही तरतूद २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली आहे. मार्चअखेर त्यांचा हिशेब विभाग या क्रमांकाकडे आपणहून लक्ष देतो. दुसरे म्हणजे ट्रेड्स, हा बिले वटवण्याचा ऑनलाइन मंच. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे खरेदीदाराने मान्य केलेले आपले बिल बँका बोली लावून वटवतात, पैसे काही दिवसांत मिळतात आणि पुढे कंपनीने पैसे बुडवले, तरी ते आपल्याकडून वसूल केले जात नाहीत. चाकणची कंपनी त्यावर आहे का, हे आपल्या सीएला आजच विचारावे.

आता काकांकडे येतो, कारण आपल्या पत्रात खरे धन तेच आहे आणि त्याच वेळी त्यात एक धोकाही आहे.

बाहेरच्या अनुभवी माणसाच्या मार्गदर्शनाने धंद्यात खरोखर फरक पडतो का, यावर काही चांगले अभ्यास झाले आहेत. नैरोबीच्या दांडोरा वस्तीतील लहान धंदे करणाऱ्या तरुण स्त्रियांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. काही जणींना वर्गात बसवून व्यवसायाचे धडे दिले आणि काही जणींची गाठ त्याच वस्तीतील, त्याच प्रकारचा धंदा यशस्वीपणे केलेल्या वयाने मोठ्या स्त्रीशी घालून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यात फरक दिसला नाही. मेंटॉर मिळालेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. कारण अगदी साधे होते: माल स्वस्तात कोणाकडे मिळतो यासारखी स्थानिक माहिती मेंटॉरकडे होती. भेटी थांबल्या, तसा हा फायदाही ओसरत गेला. दुसरा अभ्यास आपल्या घराजवळचा आहे. तारापूर आणि उंबरगाव भागातील कापड कारखान्यांमध्ये २००८ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी पाच महिने मोफत सल्लागार पाठवले. मशिनच्या देखभालीची नोंद, दोषांची रोजची नोंद, साठ्याचा हिशेब, झाडलेली फरशी, अशाच गोष्टी त्यांनी बसवल्या आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नऊ वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा बसवलेल्या पद्धतींपैकी निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलले होते आणि मालकांना लक्ष द्यायला सवड उरली नव्हती. तरीही सल्ला न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

या दोन्ही अभ्यासांतून मी आपल्यापुरते एवढेच घेतो की मेंटॉर त्याच धंद्याचा आणि त्याच परिसराचा असला, तर उपयोग फार. आणि बसवलेली पद्धत टिकवायला नंतरही कोणीतरी नियमित येऊन विचारणारे लागते. या दोन्ही बाबतींत आपले काका बसतात. शिवाय त्यांच्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. मोठ्या इंजिन कारखान्यात वर्क्स मॅनेजर असताना त्यांनी आपल्यासारख्या शेकडो व्हेंडरांना, म्हणजे पुरवठादारांना, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. व्हेंडर रेटिंगमध्ये गुण कशाला मिळतात, नवा व्हेंडर घ्यायचा तर खरेदी विभाग आणि गुणवत्ता विभाग यांपैकी आधी कोणाला भेटावे, पहिल्या भेटीत कोणते कागद सोबत न्यावेत, कोणत्या कारणाने चांगला व्हेंडर गुपचूप यादीतून काढला जातो, हे त्यांना तोंडपाठ असेल. एकाच ग्राहकावर असलेला आपला भार कमी करायचा, तर रांजणगाव, भोसरी, शिरवळ या पट्ट्यात दुसरा आणि तिसरा ग्राहक उभा करावा लागेल आणि त्या कामात या माणसाचा एक तास कोणत्याही शिबिराच्या दोन दिवसांहून मोलाचा आहे.

त्यांना जे ठाऊक नसेल, तेही ओळखून असावे. हजारो कामगारांच्या कारखान्यात पगार ठरल्या तारखेला आपोआप होतो. ७ तारखेला सीसी पाहण्याची वेळ वर्क्स मॅनेजरवर कधी येत नाही. म्हणून उधारी, कर्ज, नवे मशिन घ्यावे की नाही, एखाद्या ऑपरेटरला उचल द्यावी की नाही, या बाबतींत त्यांचा सल्ला आदराने ऐकावा आणि निर्णय सीएशी बोलून घ्यावा. मोठ्या कारखान्याच्या सवयीने ते चौदा माणसांच्या वर्कशॉपला तीन रजिस्टरे आणि दोन सुपरवायझर सुचवण्याचीही शक्यता आहे.

धोका म्हणालो, तो वेगळा आहे. ते आधी आपल्या वडिलांचे मित्र आहेत. शनिवारी आपण त्यांना जे सांगाल, ते रविवारी सकाळी तळजाईच्या चढावर वडिलांना कळेल, तेही कोणताही दुष्ट हेतू नसताना. ‘अहो, पोरगा म्हणत होता…’ एवढ्याने घरात काय होऊ शकते, हे आपणच जाणता. म्हणून पहिल्याच भेटीत, संकोच न करता, त्यांच्याशी तीन-चार गोष्टी बोलून घ्याव्यात. सहा महिनेच ठरवावेत. मुदत असली की दोघांनाही थांबण्याची सन्मानाने वाट राहते. दर शनिवारऐवजी एक आड एक शनिवार, सकाळी नऊ ते अकरा, वर्कशॉपमध्ये, मशिनजवळ. आपण आदल्या दिवशी एकच विषय त्यांना कळवावा आणि ठरले काय ते एका वहीत लिहावे. वर्कशॉपचे विषय वडिलांसमोर बोलायला हरकत नाही, पण वडिलांविषयीचे काही निघाले तर ते तिथेच राहील, हे त्यांच्याकडून मागून घ्यावे. मोबदला ते घेणार नाहीत. तरी येण्या-जाण्याची व्यवस्था आपली असावी. पुण्यात फुकट मिळालेल्या सल्ल्याचा मान फार राखला जात नाही, असा माझा अनुभव आहे, आणि सहा महिन्यांत तीन वेळा ‘काका, या शनिवारी जरा डिस्पॅच आहे’ असा निरोप गेला, की चौथ्यांदा ते स्वतःच येणार नाहीत.

काकांच्या जोडीला दोन आधार सुचवतो. केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आली असून, उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाच्या वर्कशॉपमध्ये येऊन काम करणाऱ्या सल्लागाराच्या फीचा ९० टक्के भार तीत सरकार उचलते. सेटिंगचा वेळ आणि मशिनची मांडणी हे तिचे नेमके विषय आहेत. आणि १९३४ पासून पुण्यात काम करणाऱ्या मराठा चेंबरचे सभासदत्व घ्यावे, निदान तिथल्या लघुउद्योगांच्या बैठकांना जावे. आपल्याच आकाराचे वर्कशॉप चालवणारी चार माणसे भेटणे हीही एक प्रकारची शिकवणीच आहे. नव्याने धंदा काढू पाहणाऱ्या इतर वाचकांनी पुण्याच्या दे आसरा फाउंडेशनची माहिती घ्यावी. तारण आणि ओळखपाळख दोन्ही नसलेल्या तरुणांसाठी १९९२ मध्ये सुरू झालेला भारतीय युवा शक्ती ट्रस्ट आहे, जो प्रत्येक उद्योजकाला स्वतंत्र मेंटॉर जोडून देतो.

मग कोच नकोच का? तसे नाही. आपण नसलात की डिलिव्हरी चुकते, याचे कारण मला पत्रावरून असे वाटते की सेटिंग, अंतिम तपासणी आणि चाकणचे फोन, हे तिन्ही आपण हातात धरून बसला आहात. चौदा माणसांत सेटिंग शिकू शकेल असा एकही नाही, हे पटण्यासारखे नाही. काय करायचे ते आपल्याला माहीत आहे, पण हातातले काम सोडवत नाही, आणि हाच चांगल्या कोचचा प्रांत आहे. परंतु ते काम मशिन अवर रेट समजल्यानंतरचे, म्हणजे सहा महिन्यांनंतरचे. तेव्हा कोच पाहाल, तर सभागृहातल्या टाळ्यांवरून पाहू नका. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे हा एक आधार आहे. तिच्या तीन पायऱ्यांसाठी अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २,५०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. प्रमाणपत्रावरून माणूस चांगला ठरतोच असे नाही, मात्र त्याने तेवढे तास एकेकाशी बसून काढले आहेत, एवढे कळते. त्याला विचारा की माझ्यासोबत आपण स्वतः बसणार की आपला सहायक. बैठक एकट्याची की चाळीस जणांची ऑनलाइन. त्याच्या जुन्या ग्राहकांपैकी दोघांचे क्रमांक मागा, आणि त्यांतला एक मध्येच सोडून गेलेला असू द्या. पहिली बैठक धायरीत, मशिनच्या आवाजात, व्हावी असा आग्रह धरा. फी दरमहा द्या, वर्षाची एकदम नको. जो ‘आजच भरलेत तर सवलत’ म्हणतो, तो मालकाला शांतपणे विचार करायला शिकवणार असतो, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

राहिले वडील. त्यांचा प्रश्न टोमण्यासारखा वाटला, तरी त्याला उत्तर देण्याजोगे आहे आणि ते उत्तर त्यांच्याचकडे आहे. १९९४ मध्ये जुन्या लेथवर पहिले काम त्यांना कोणी विश्वासाने दिले, पहिला रेट कोणी सांगितला, पहिले रिजेक्शन आले तेव्हा कोणता इन्स्पेक्टर गाळ्यावर येऊन समजावून गेला, हे त्यांना एकदा सविस्तर विचारा. शिकवणी त्यांनीही घेतली असेल. तिची पावती फाडली गेली नसेल. त्या गप्पांतून आपल्याला त्यांच्या निर्णयांमागचे धागेही सापडतील, आणि त्यांतले काही आजही बरोबर असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी गोष्ट अधिक रोखठोक आहे. फर्म कोणाच्या नावावर आहे, हे आपण लिहिलेले नाही. ती वडिलांच्या नावावरची प्रोप्रायटरशिप असेल आणि सीसीवर सही त्यांची असेल, तर पंधरा वर्षे राबूनही कायद्याच्या दृष्टीने निर्णय त्यांचाच आहे आणि ते माघारी फिरवतात ते स्वतःचेच निर्णय. कोच आपल्याला कितीही आत्मविश्वास देवो, ही बाब सहीने सुटते. आपण आणि वडिलांनी सीएसमोर बसून भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करण्याचा विचार करावा. रचना बदलली की बँकेची संमती, नवी जीएसटी नोंदणी, शिल्लक इनपुट क्रेडिटचे हस्तांतर आणि चाकणच्या कंपनीकडचा व्हेंडर कोड, हे सारे ओघाने येते, म्हणून ते आर्थिक वर्षाच्या आरंभी करणे सोयीचे. तोवर निदान कामे वाटून घ्या. कच्चा माल आणि मशिनची देखभाल वडिलांकडे, कोटेशन आणि माणसांची नेमणूक आपल्याकडे. एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने ठरवावा. मतभेद झाला, तर तो संध्याकाळी केबिनमध्ये, कामगारांसमोर नाही. एवढे तीन महिने पाळले गेले, तर नव्या कागदपत्रांची भाषा आपोआप ठरेल. हे संभाषण काकांवर सोपवू नका. ते करतीलही, पण मग वडिलांना वाटेल की मुलाने मित्राकरवी निरोप धाडला.

भरलेल्या ११ हजारांविषयी. पावतीवर किंवा नोंदणीच्या अर्जावर परताव्याची अट आहे का, ते वाचा. मुदत उलटली नसेल, तर ‘मी या वर्षी कार्यक्रमात सहभागी होऊ शकत नाही, नोंदणी रद्द करून रक्कम परत करावी’ एवढाच मजकूर आजच ईमेलने पाठवा. फोनवर बोलू नका, कारण फोन उचलणारी व्यक्ती मन वळवण्यासाठीच नेमलेली असते. पैसे परत आले नाहीत, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आपल्यासाठी सरळ नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बहुतांशी वगळली आहे आणि चौदा माणसांचे वर्कशॉप स्वयंरोजगारात बसवणे अवघड आहे. एक स्मरणपत्र पाठवावे आणि तरीही उत्तर आले नाही, तर ते ११ हजार रुपये खर्चाला टाकून कॉस्ट अकाउंटंटची वेळ घ्यावी.